पडवीतले पोळे आणि बारावीनंतरची वाट

प्रश्न : माझी मुलगी सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी बारावी विज्ञानच्या पीसीबी (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र) गटात शिकते आणि नीटची तयारी करते. पावसाळ्यापासून आमच्या पडवीच्या वाशाला गांधीलमाश्यांचे पोळे आहे. ती रोज संध्याकाळी त्यासमोर बसून वहीत नोंदी करते. ‘अंडी घालणारी माशी शांत बसते आणि दुसऱ्याच माश्या एकमेकींना दटावतात, असे का?’ असे विचारते. आता ती म्हणते की डॉक्टर व्हायचे नाही, प्राणी आणि माणसे अशी का वागतात ते शिकायचे आहे. स्वभावाला औषध नाही असे आपण म्हणतो. मग त्याचा अभ्यास करून पोट कसे भरायचे? मानसशास्त्र घ्यावे की प्राणिशास्त्र? घरी दोन म्हशी आहेत, मी शिक्षक आहे, ऐपत बेताची आहे. तिची आई तर दिवाळीच्या साफसफाईत ते पोळे जाळायचे म्हणते.
– एक पालक

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रातील जे वाक्य मी तीनदा वाचले ते आपल्या कन्येचे आहे. अंडी घालणारी माशी शांत असते, हे निरीक्षण तिने कोणाच्या सांगण्यावरून लिहिले नसेल, तर तिने एका मोठ्या संशोधनाची पहिली पायरी स्वतःच्या डोळ्यांनी गाठली आहे. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ‘रोपालिडिया मार्जिनाटा’ या गांधीलमाशीवर कित्येक दशके काम केले. या जातीत राणी (म्हणजे अंडी घालणारी माशी) आणि कामकरी माश्या दिसायला सारख्याच असतात, आणि राणी बहुधा पोळ्यावरील सर्वांत निरुपद्रवी माशी असते. मात्र तिला पोळ्यावरून काढून घेतले, की काही मिनिटांतच एखादी कामकरी माशी कमालीची आक्रमक होते. साधारण आठवडाभरात तीच अंडी घालू लागते, आणि मग तीही शांत होते. राणी आपले अस्तित्व धाकाने नव्हे, तर शरीरातील एका ग्रंथीच्या रासायनिक स्रावाने इतरांना कळवते, असे या प्रयोगांतून दिसून आले. याच्या उलट ‘रोपालिडिया सायाथिफॉर्मिस’ या तिच्या भाऊबंद जातीत राणी खरोखरच दांडगाई करते. आपल्या पडवीतील जात कोणती हे पत्रावरून ठरवता येणार नाही, परंतु प्रश्न अस्सल आहे.

आता तिचा ‘का’ हा शब्द नीट उलगडून पाहू, कारण प्रवेश कोठे घ्यावा याचे उत्तर मला त्यातच दिसते. प्राणिवर्तनाच्या शास्त्राचा पाया घातल्याबद्दल १९७३ चे नोबेल पारितोषिक कार्ल फॉन फ्रिश, कोनराड लोरेन्झ आणि निको टिंबर्गेन यांना विभागून मिळाले. यांपैकी टिंबर्गेन यांनी १९६३ मध्ये असे मांडले होते की एखादा प्राणी असा का वागतो, या एकाच प्रश्नात चार निरनिराळे प्रश्न दडलेले असतात. त्या क्षणी शरीरात आणि मेंदूत काय घडले, हा पहिला; जन्मापासून वाढताना हे वर्तन कसे घडत गेले, हा दुसरा; त्या वर्तनामुळे जगण्यास आणि वंश वाढण्यास काय लाभ होतो, हा तिसरा; आणि पूर्वजांपासून उत्क्रांतीच्या ओघात ते कसे आले, हा चौथा. ज्याला पहिला प्रश्न छळतो त्याची वाट मेंदूविज्ञान, संप्रेरके (हार्मोन) आणि जनुकशास्त्र यांच्या प्रयोगशाळेकडे जाते. दुसरा प्रश्न विकासात्मक जीवशास्त्र आणि मानसशास्त्र या दोहोंच्या सीमेवर राहतो. तिसरा आणि चौथा मनुष्याला रानात, माळावर, नाहीतर आपल्या पडवीतच बसवतात. एखाद्या रविवारी, परीक्षेचा विषय न काढता, तिच्या मनात यांपैकी कोणता ‘का’ आहे हे तिला जरूर विचारावे.

‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण आपण लिहिली आहे. तिचे उत्तर आपल्या गोठ्यातच आहे. एरवी दुसरे जनावर अंगावर चढू न देणारी गाय माजावर आली की स्थिर उभी राहते, कारण बीजांडकोशातून स्रवणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक रक्तावाटे तिच्या मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागापर्यंत पोचलेले असते. म्हशीत, विशेषतः उन्हाळ्यात, पुष्कळदा मुका माज असतो. म्हणजे बीजांडकोशाचे काम चाललेले असते, पण वागण्यात खूण उमटत नाही. रेतनाची वेळ हुकते, भाकड काळ लांबतो, आणि घराला त्याची झळ किती बसते हे मी आपणास सांगायला नको. वर्तनाचा जैविक आधार म्हणतात तो हाच. माणसाविषयीही हेच म्हणता येईल. कंपवातावर (पार्किन्सन) दिल्या जाणाऱ्या, मेंदूत डोपामिन या रसायनासारखे काम करणाऱ्या काही औषधांनी थोड्या रुग्णांना जुगाराची अनावर ओढ लागल्याची नोंद आहे, आणि औषध कमी किंवा बंद केल्यावर ती ओढ पुष्कळदा ओसरते. ज्याला घरचे लोक ‘स्वभाव बिघडला’ म्हणतात, त्यामागे कधीकधी एक गोळी असते.

परंतु जैविक म्हणजे अटळ, असा अर्थ आपण घेऊ नये आणि तिलाही घेऊ देऊ नये. पश्चिम घाटात आढळणाऱ्या ‘हार्पेग्नाथोस’ या उड्या मारणाऱ्या मुंगीच्या वारुळातील राणी मेली, की कामकरी मुंग्या मिशांनी एकमेकींशी द्वंद्व करतात. त्यांत जिंकणाऱ्या मुंग्यांचे बीजांडकोश वाढतात आणि मेंदूचा आकार लक्षणीय घटतो. अशा मुंगीला या राणीपदावरून दूर केले तर ती पुन्हा कामकरी होते आणि मेंदूही पुन्हा वाढतो, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवले गेले. भोवतालची सामाजिक स्थिती मेंदू बदलते आणि बदललेला मेंदू वागणे बदलतो. मला स्वतःला या शास्त्राचे सर्वाधिक आकर्षण वाटते ते याच ठिकाणी.

मानसशास्त्र की प्राणिशास्त्र, यावर माझे मत स्पष्ट आहे. तिला माणसांशी बोलून त्यांना उपचार द्यायचे असतील, तर मानसशास्त्र घ्यावे आणि पुढे भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेल्या चिकित्सा मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमाकडे जावे. बेंगळुरूची निम्हान्स ही मानसिक आरोग्याची संस्था या क्षेत्रात अग्रगण्य आहे. परंतु माश्यांसमोर रोज बसणाऱ्या मुलीने पदवीला जीवशास्त्र सोडू नये. जीवशास्त्रातून पुढे मेंदूविज्ञानाकडे, किंवा अलाहाबाद विद्यापीठ आणि आयआयटी गांधीनगर येथे शिकवल्या जाणाऱ्या बोधनविज्ञानाकडे (कॉग्निटिव्ह सायन्स) वळता येते. उलट दिशेचा प्रवास फार अवघड जातो.

तिच्यासाठी मी पहिली पसंती आयसरच्या (भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थांच्या) पाच वर्षांच्या बीएस-एमएस अभ्यासक्रमाला देईन. पुण्याचे आयसर आपल्याला जवळ आहे. कोलकात्याच्या आयसरमध्ये अनिंदिता भद्रा यांचा गट रस्त्यावरील कुत्र्यांच्या वर्तनाचा अभ्यास करतो. प्रवेश आयएटी या परीक्षेतून होतो. ती साधारणतः मे-जूनमध्ये असते आणि तिच्यात जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र व गणित यांचे प्रत्येकी १५ प्रश्न असतात. नेस्ट ही परीक्षा भुवनेश्वरची नायसर ही विज्ञान संस्था आणि मुंबई विद्यापीठाच्या आवारातील मूलभूत विज्ञान केंद्र यांच्यासाठी आहे. नीटची तयारीही वाया जात नाही: राज्यातील पशुवैद्यकीय पदवीचे प्रवेश नीटच्या गुणांवर होतात, आणि शिरवळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय तर आपल्याच जिल्ह्यात आहे. जनावरांच्या वागण्यातून त्यांचा आजार ओळखणारा पशुवैद्य ही काही कमी दर्जाची वाट नव्हे.

यांतले काहीच जमले नाही, तर साध्या महाविद्यालयातील प्राणिशास्त्राच्या बीएस्सीला कमी लेखू नये. मिलिंद वाटवे पुण्याच्या आबासाहेब गरवारे महाविद्यालयात शिकवत असताना त्यांनी आणि सहकाऱ्यांनी वेडा राघू या पक्ष्यावर केलेला प्रयोग २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. माणूस तेवढ्याच अंतरावर उभा असला, तरी त्याला घरटे दिसत असेल तर पक्षी तेथे जायला कचरतो, आणि दिसत नसेल तर निर्धास्त जातो, असे त्यांना आढळले. शत्रूला काय दिसते याचा अंदाज पक्षी घेतो की काय, एवढा खोल प्रश्न त्यांनी महागड्या यंत्रांवाचून हाती घेतला. मात्र बीएस्सी करायचे, तर प्रत्येक उन्हाळ्यात एखाद्या प्रयोगशाळेत काम मिळवायचेच, असा निश्चय हवा. देशाच्या विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती त्यासाठीच आहे.

पोटापाण्याचे मी लपवून ठेवणार नाही. ही वाट लांब आहे. पाच वर्षांच्या पदवीनंतर पीएचडीला आणखी पाच-सहा वर्षे लागतात, आणि त्यानंतर प्राध्यापकाची जागा मिळेलच असे नाही, कारण जागा थोड्या आहेत. त्यातली जमेची बाजू अशी की पीएचडीच्या काळात घरून पैसे पाठवावे लागत नाहीत; जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती दरमहा ३७,००० रुपये आणि नंतरच्या वर्षांत ४२,००० रुपये आहे, शिवाय घरभाडे भत्ता वेगळा. संशोधनाबाहेर वन्यजीव संरक्षण, औषध कंपन्यांतील चाचण्या, विदाविश्लेषण (डेटा ॲनालिसिस) आणि अध्यापन येथे या शिक्षणाचा उपयोग होतो. तिशीपर्यंत स्थिर पगार नाही, हे घर सोसू शकेल का, याचा विचार आपण दोघांनी तिच्यासमोर बसून करावा. तिच्यापासून तो लपवू नये.

एका गोष्टीची मला खरी काळजी वाटते, आणि ती म्हणजे तिने गणित सोडले आहे. पीसीबी घेतलेल्या विद्यार्थ्यांना आयएटी देता येते, पण गणिताच्या प्रश्नांतून सूट मिळत नाही, आणि पुढे संख्याशास्त्रावाचून वर्तनाचा अभ्यास होतच नाही. वीस माश्यांपैकी कोण कोणाला किती वेळा दटावते, हा आकडा योगायोगाचा की अर्थाचा, हे फक्त गणित सांगू शकते. आपण शिक्षक आहात. आपल्या शाळेतील गणिताच्या सहकाऱ्यांना विनंती करून अकरावीच्या पुस्तकातील संभाव्यता आणि सांख्यिकी ही प्रकरणे या महिन्यातच सुरू करावीत.

वहीविषयी तिला दोन सूचना द्याव्यात. रोज ठरलेल्या वेळी आणि ठरलेली मिनिटेच नोंद करावी, म्हणजे एका दिवसाची दुसऱ्याशी तुलना करता येईल. आणि ‘रागावली’, ‘घाबरली’ असे न लिहिता जे दिसले तेवढेच लिहावे: चावली, मागे सरकली, उडाली. माश्यांना रंगाच्या खुणा करण्याचा मोह मात्र आत्ता टाळावा. ते काम शिकवणाऱ्याच्या देखरेखीखालीच करायचे असते.

राहिले पोळे. घरात कोणाला दंशाची ॲलर्जी असेल किंवा पोळे अगदी उंबऱ्यावर असेल, तर ते जाणत्या माणसाकडून काढून घ्यावे. तसे नसेल, तर तिच्या आईला माझी विनंती सांगा, की यंदा झाडू त्या वाशाच्या दोन हात अलीकडेच थांबवावा. दिवाळीनंतरच्या नोंदी तिच्या वहीत अजून यायच्या आहेत.