प्रेषकाच्या नावावर जाऊ नकोस

प्रिय मित्रा,

काल फोनवर तू म्हणालास, "सर, व्हायरसची मेल अकाउंट्समधल्या मॅडमच्या नावाने आली, म्हणजे त्यांच्याच मशिनमधून गेली." साहेबांना तसं लेखी देण्याआधी हे वाच.

मे २००० मध्ये 'आय लव्ह यू' व्हायरस आला, तेव्हा तुझा तर्क बरोबर ठरला असता. तो ज्याच्या संगणकात शिरे, त्याच्याच नावाने त्याच्या आउटलुक या मेल प्रोग्रॅममधल्या सगळ्या पत्त्यांवर जाई. नाव दिसलं की मशिन सापडे. आम्हाला तीच सवय लागली आणि २००२ मध्ये 'क्लेझ' या व्हायरसने ती मोडली. तो संगणकात सापडलेल्या पत्त्यांपैकी एक प्रेषक म्हणून लावी आणि दुसऱ्याला मेल धाडी. म्हणजे खरा बाधित संगणक तिसऱ्याचाच, ज्याच्याकडे हे दोन्ही पत्ते आहेत.

मला हे ठाऊक नव्हतं. आमच्या खरेदी विभागातल्या एका सहकाऱ्याच्या नावाने मेल येत होत्या. मी सगळ्यांदेखत त्यांच्या मशिनची केबल काढली आणि दोन शब्द सुनावलेही. त्यांच्या मशिनवर काहीच निघालं नाही. बाधा डिस्पॅचच्या संगणकात होती. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली मी. माफी मागितली, पण त्यानंतर त्यांनी मला कधी मोकळेपणाने काही विचारलं नाही. ते मला अजून खुपतं.

तेव्हा आधी ती मूळ मेल मिळव. फॉरवर्ड केलेली चालणार नाही, त्यात मूळ हेडर, म्हणजे मेलच्या प्रवासाची नोंद, उरत नाही. मेल फाइल म्हणून जोडून घे. हेडरमधल्या 'रिसीव्हड'च्या ओळी खालून वर वाच, कारण प्रत्येक सर्व्हर आपली ओळ वर चढवतो. पण भरवसा फक्त आपल्या सर्व्हरने लिहिलेल्या ओळींवर ठेव. त्याखालच्या बनावट असू शकतात.

त्या ओळींतला आयपी, म्हणजे संगणकाचा नेटवर्कवरचा पत्ता, ऑफिसातलाच निघाला, तर त्या वेळी तो कोणत्या मशिनला दिला होता ते डीएचसीपीच्या (मशिनांना आयपी वाटणाऱ्या यंत्रणेच्या) लॉगमध्ये पाहा. इथेच घोटाळा होतो. हेडरमधली वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असू शकते, आपला लॉग भारतीय वेळेचा. साडेपाच तासांचा फरक विसरलास, तर पत्ता तोच असूनही मशिन भलत्याचंच निघेल.

आयपी बाहेरचा असेल आणि एसपीएफ (मेल परवानगीच्या सर्व्हरवरून आली का) व डीकेआयएम (तिची डिजिटल सही खरी का) या दोन्ही तपासण्या नापास असतील, तर बहुधा मॅडमचं फक्त नाव वापरलं गेलंय. दोन्ही आपल्याच डोमेनच्या नावावर पास असतील, तर त्यांच्या खात्याचे लॉगिन बघ. अनोळखी लॉगिन दिसलं तर पासवर्ड बदल, चालू सेशन बंद कर आणि कुणी गुपचूप फॉरवर्डिंगचा नियम लावून ठेवलाय का तेही पाहा. जुन्या संभाषणाला उत्तर म्हणून मेल आली असेल, तर 'इमोटेट' या व्हायरसची रीत आठव: तो मेलबॉक्समधली संभाषणं चोरायचा. त्या संभाषणातल्या कुणाचाही मेलबॉक्स फुटलेला असू शकतो.

संशयित मशिन नेटवर्कपासून तोड, पण फॉरमॅट करू नकोस. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या आदेशाप्रमाणे अशा घटना ६ तासांत कळवायच्या असतात, त्याची आठवण साहेबांना आजच दे.

आणि माणसांशी बोलताना "कुणी क्लिक केलं?" असं विचारू नकोस, सगळे गप्प बसतील. "अशी फाइल तुमच्याकडे कधी आली होती का?" असं विचार. ज्याने ती उघडली, तोच तुला सगळ्यात जास्त सांगू शकतो.

मॅडमना आज स्वतः जाऊन भेट. हेडर मिळाले की मला पाठव, रात्री बघतो.

तुझा,
सर