मोठी माय, धाकली माय

प्रिय सोनू,

शाळेने दिलेला वंशवृक्षाचा कागद तू काल जेवणाच्या टेबलावर ठेवून झोपलीस. पणजोबांच्या चौकोनाशेजारी एकच रिकामा चौकोन, आणि खाली पेन्सिलीने तुझा प्रश्न : "बाबा, इथे कोणती पणजी लिहू? आपल्यात दोन बायका चालतात का?" तोंडी सांगायला बसलो की तुझी आई मध्ये बोलते. बरोबरच बोलते, पण या वेळी मला माझं एकदा पूर्ण सांगून घ्यायचं आहे, म्हणून हे पत्र.

आधी सरळ उत्तर. नाही, चालत नाही. 18 मे 1955 ला हिंदू विवाह कायदा लागू झाला. तेव्हापासून हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांच्यात पहिलं लग्न टिकून असताना लावलेलं दुसरं लग्न हे लग्नच धरलं जात नाही. वर सात वर्षांपर्यंत कैद. खान्देशात तर ही बंदी त्याही आधीची. तेव्हा आपले जिल्हे पूर्व खान्देश आणि पश्चिम खान्देश, दोन्ही मुंबई प्रांतात, आणि मुंबई प्रांताने असा कायदा 1946 सालीच केला होता.

पणजोबांचं दुसरं लग्न 1944 च्या उन्हाळ्यातलं. दोन वर्षं उशीर झाला असता तर मी हे पत्र लिहायला नसतो आणि तू वाचायला नसतीस. आपण धाकलीचे.

श्रावणात कानबाईसाठी घर रंगवायला काढलं तेव्हा तू भिंतीवरचा जो फोटो उतरवलास, त्यात पणजोबा खुर्चीत बसलेत आणि दोन बाजूंना दोघी उभ्या आहेत. डावीकडची, जिचा पदर पार कपाळावर आलाय, ती मोठी माय. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी तिला मूल नव्हतं. उणीव कोणात आहे हे बघायला पणजोबांना कोणी डॉक्टरकडे नेलं नाही. भाऊबंद ओट्यावर बसले, सुपारी कातरली आणि ठरवून उठले. पुढे घरात गोष्ट अशी सांगितली जायची की मोठीनंच हट्ट धरून सवत आणली, केवढं मन तिचं! मला त्या गोष्टीचा अभिमान होता. बारा-तेरा वर्षांचा असताना ती शेंगा फोडत बसली होती, तेव्हा मी विचारलंच, की तू खरंच स्वतःहून हो म्हणालीस का. तिने मान वर केली नाही. म्हणाली, "माले कोण इचारस, भाऊ?"

नाही म्हटलं असतं तर तिला माहेरी जाऊन भावजयीच्या हाताखाली राहावं लागलं असतं. हो म्हटल्यावर कोठीच्या किल्ल्या तिच्याच कमरेला राहिल्या. एवढाच तो होकार.

धाकली तेव्हा चौदा वर्षांची. तिचे वडील दुसऱ्याच्या शेतात सालदार, घरात चार पोरी. बिजवर म्हणून हुंडा मागितला गेला नाही. घरात आधीची बायको आहे हे तिला उंबऱ्यावर कळलं. भाकरतुकडा ओवाळून टाकणारी बाई हळूच म्हणाली, मी मोठी.

पुढचं तुला कोणी सांगणार नाही, कारण गावात दोघींची ख्याती "सख्ख्या बहिणींसारख्या" अशी आहे. तसं होतंही. मोठीचा चुलीवर ताबा, धाकलीचा कपाशीवर. माझे वडील जन्मले ते धाकलीच्या पोटी, पण झोपायचे मोठीच्या गोधडीत. पण कापसाच्या पैशांतून एकीला पाटल्या झाल्या आणि दुसरीला नाही, तेव्हा तीन वर्षं दोघी एका चुलीवर स्वयंपाक करूनही बोलत नव्हत्या. निरोप माझ्या वडिलांमार्फत जायचे : "तिला सांग, पीठ संपलंय." वटपौर्णिमेला मात्र दोघी एकाच वडाला दोरा गुंडाळून हाच नवरा सात जन्म मागायच्या. मोठी म्हणायची, मी फेऱ्या मोजत नाही, तिला मोजू दे.

तू म्हणशील, देवाला चालतं की. खंडोबाला म्हाळसा आहे आणि बाणाईही आहे. बरोबर. पण जागरणात वाघ्यामुरळी गातात ते त्या दोघींचं भांडण, आणि लोक पहाटेपर्यंत जागतात ते भांडण ऐकायला. देवाचीही सुटका नाही.

तुझ्या प्रश्नात मला एक गोष्ट दिसली. तू "दोन बायका" विचारलंस, "दोन नवरे" विचारलं नाहीस. चूक तुझी नाही, आपली भाषाच तशी आहे. बाईसाठी "सवत" आहे, "सवतीमत्सर"सुद्धा आहे. पुरुषाच्या सवतीला काय म्हणायचं? मराठीत तो शब्दच नाही, द्रौपदी ठाऊक असूनही. कायदाही असाच होता. इंग्रजांनी 1860 साली भारतीय दंड संहिता मंजूर केली, त्यात दुसऱ्या लग्नाला सात वर्षांपर्यंत कैद, कलम 494. तू राहतेस त्या इंग्लंडमध्ये 1861 च्या कायद्यातही तेवढीच. फरक असा, की आपल्याकडे हे कलम नवरा असताना दुसरं लग्न करणाऱ्या हिंदू बाईला लागायचं, बायको असताना दुसरी आणणाऱ्या हिंदू पुरुषाला नाही. त्याचं लग्न धर्मशास्त्राने वैध, म्हणून गुन्हाच नाही.

1955 च्या कायद्यात आणखी एक दार होतं. त्याआधीच नवऱ्याने दोन लग्नं केलेली असतील, तर दोघींपैकी कोणीही, दुसरी जिवंत असेपर्यंत, तेवढ्या एका कारणावर घटस्फोट मागू शकत होती. मोठी मागू शकत होती, धाकलीही. दोघींना हे कधी कोणी सांगितलं नाही. मला स्वतःला हे इथे आल्यावर वाचून कळलं, तेव्हा मोठी जाऊन बरीच वर्षं झाली होती. कळलं असतं तरी निघून जेवली कुठे असती, हा तुझ्या आईचा प्रश्न, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

1974 साली पणजोबा गेले. त्यांनी स्वतः घेतलेल्या जमिनीवर वारस लावायचे होते. तीन मुलांचे तीन वाटे, आणि कायद्याप्रमाणे विधवा कितीही असोत, सगळ्यांचा मिळून एक. तलाठ्याने हे वाचून दाखवलं तेव्हा मोठी हसली म्हणे : "दोघी मिळून एक? आते समजनं सरकारले."

सगळीकडे हाच कायदा असं मात्र वर्गात सांगू नकोस. महाराष्ट्रात मुसलमान पुरुषांना त्यांच्या व्यक्तिगत कायद्याप्रमाणे चारपर्यंत मुभा आहे. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा मंडळींना, अनुसूचित जमाती म्हणून, हिंदू विवाह कायदा लागत नाही. तिथे त्यांची रूढी चालते. आणि कायदा झाला म्हणून आपल्यातलं थांबलं, असंही नाही. तक्रार मुख्यतः पहिल्या बायकोनेच किंवा तिच्या घरच्यांनी करायची असते. त्यात 1965 साली महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की दुसरं लग्न गंधर्व पद्धतीने झालं, होम-सप्तपदी झाल्याचं सिद्ध नाही, म्हणून शिक्षा नाही. गावात "दुसरं घर" म्हणतात ते अशाच फटीत राहतं. कलमाचा आकडा आता बदललाय, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं 82. तक्रार कोणी करायची ते तेच आहे. (गंमत म्हणजे आपल्याकडच्या शेतकरी पोरांना आज एक बायको मिळायची मारामार आहे. पण तो वेगळा विषय.)

मला दोघींचा लळा होता. मोठीच्या हातची कळण्याची भाकरी मी अजून विसरलेलो नाही. म्हणून कोणी "बघा, नांदल्याच ना" म्हटलं की मला राग येतो. त्या नांदल्या, कारण जायला जागा नव्हती.

आता कागद. पणजोबांच्या शेजारी पट्टी घेऊन दुसरा चौकोन काढ. पहिल्यात मोठी माय, तिच्याखाली रेघ नाही. दुसऱ्यात धाकली, तिथून रेघ आजोबांपर्यंत. बाईंनी विचारलं तर त्यांना माझा फोन नंबर दे. आणि दोघींची खरी नावं मला रात्री विचार. फोटोमागे लिहिलेली नाहीत, पण मला पाठ आहेत.

तुझा,
बाबा