'काळी अभिनेत्री' की 'कृष्णवर्णीय अभिनेत्री'?

प्रश्न असा आला आहे: ऑस्करच्या हंगामानिमित्त अमेरिकेतल्या ब्लॅक कलाकारांवर लेख लिहितो आहे. त्यात 'हॅली बेरी ही ऑस्कर मिळवणारी पहिली काळी नटी' असं वाक्य आहे. 'काळी' खटकतं, 'कृष्णवर्णीय' पुस्तकी वाटतं, 'आफ्रिकन-अमेरिकन' लांबलचक होतं. मग लिहावं काय? जुन्या मराठी पुस्तकांतला 'निग्रो' आज चालेल का?

पुस्तकी वाटलं तरी 'कृष्णवर्णीय' लिहा.

मराठीत एकट्या बाईला 'काळी' म्हटलं की डोळ्यांसमोर फक्त कातडी येते. 'मुलगी काळी आहे, पण नाकीडोळी नीटस आहे' हे स्थळं बघतानाचं वाक्य आपल्या कानांत इतकं मुरलंय की त्या विशेषणाला दुसरा अर्थ उरतच नाही. हॅली बेरीचा फोटो लेखासोबत छापलात, तर वाचक आधी फोटोकडे बघेल, मग मथळ्याकडे, आणि गोंधळेल. कारण तिच्यापेक्षा सावळी माणसं त्याच्या घरातच असतील. तिची आई गोरी, वडील आफ्रिकन-अमेरिकन. तिथला 'ब्लॅक' हा शब्द वर्णाची छटा मोजत नाही. तो एका समाजाचं नाव आहे: ज्यांच्या पूर्वजांना गुलाम करून विकलं, आणि गुलामगिरी संपल्यावरही ज्यांना शाळा, बस, हॉटेल, नाटकगृह सगळीकडे वेगळं बसवलं, त्यांचं.

इथेच 'ईय' हा प्रत्यय कामाला येतो. 'कृष्णवर्ण' म्हणजे नुसता रंग. 'भारतीय', 'मागासवर्गीय' यांतल्यासारखा 'ईय' लागला की अर्थ 'त्यांच्यापैकी एक' असा होतो. 'कृष्णवर्णीय'मध्ये समाज आहे, 'काळी'मध्ये नाही. पुस्तकीपणाची किंमत त्यासाठी मोजायला माझी तयारी आहे.

अनेकवचनात मात्र गोष्ट बदलते. 'काळे' आणि 'गोरे' ही जोडी नाम म्हणून वापरली की मराठी वाचक बरोबर समाजच समजतो. 'गोऱ्यांच्या हॉटेलात काळ्यांना प्रवेश नव्हता' हे वाक्य निःसंकोच लिहा. तिथे 'कृष्णवर्णीयांना' लिहिलंत तर वाक्याची धार जाते. शिवाय 'गोरे' साधं ठेवून समोर 'कृष्णवर्णीय' असा जड संस्कृत शब्द ठेवणं तसंही विजोड दिसतं. म्हणजे एका व्यक्तीपुढे विशेषण लावायचं तर 'कृष्णवर्णीय', आणि समाजासमोर समाज उभा करायचा तर 'काळे-गोरे'.

आता तुमच्या वाक्यातली माहितीची चूक. ऑस्कर मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती हॅटी मॅकडॅनियल, 1940 साली, 'गॉन विथ द विंड'मधल्या भूमिकेसाठी. पुरस्कार सहायक अभिनेत्रीचा. सोहळा लॉस एंजेलिसच्या अँबॅसॅडर हॉटेलात होता आणि तिथे काळ्यांना मज्जाव होता. निर्मात्याने शब्द टाकून तिला आत आणवलं, पण बसवलं कुठे? चित्रपटातले बाकीचे कलाकार एका टेबलाशी, आणि ही भिंतीकडेच्या वेगळ्या छोट्या टेबलाशी. तिथून उठून ती मंचावर गेली आणि म्हणाली की मी माझ्या 'रेस'ला आणि चित्रपटसृष्टीला नेहमी भूषण ठरेन अशी मनापासून आशा आहे. या 'रेस'चं भाषांतर पुष्कळ जण 'वंश' असं करतात. मला ते पटत नाही. 'वंश' म्हटलं की आपल्याला वंशवेल आणि वंशाचा दिवा आठवतो, म्हणजे एका घराण्याचा विस्तार. त्या बाईच्या जागी मराठी बाई असती तर 'माझ्या समाजाला' म्हणाली असती. तेच लिहा.

हॅली बेरीचा मान वेगळा: प्रमुख भूमिकेसाठी ऑस्कर मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय अभिनेत्री, 2002 साली. त्याच रात्री डेंझेल वॉशिंग्टन या कृष्णवर्णीय नटाला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं आणि ज्येष्ठ कृष्णवर्णीय अभिनेते सिडनी पॉइटिए यांना मानद ऑस्कर. पॉइटिए यांनी प्रमुख भूमिकेचं ऑस्कर 1964 मध्येच घेतलं होतं. म्हणून तुमचं वाक्य 'सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय कलावती' असं करा. 'नटी' काढूनच टाका. आजच्या मराठीत तो शब्द हिणकस झालाय, आणि अशा वाक्यात तर तो मुळीच नको.

त्या रात्रीच्या भाषणात तिने डोरोथी डँड्रिज, लीना हॉर्न या आधीच्या पिढीतल्या कृष्णवर्णीय अभिनेत्रींची नावं घेतली आणि हा क्षण प्रत्येक अनाम 'वुमन ऑफ कलर'साठी आहे असं म्हटलं. हा शब्दप्रयोग 'ब्लॅक'पेक्षा विस्तृत आहे; गोऱ्या नसलेल्या सगळ्याच स्त्रिया त्यात येतात. 'रंगीत स्त्री' तर शक्यच नाही. 'ब्राह्मणेतर' हा शब्द महाराष्ट्राने एका मोठ्या चळवळीत घडवला आणि अभिमानाने वापरला. त्याच घडणीचा 'गौरेतर' मला इथे चपखल वाटतो.

'आफ्रिकन-अमेरिकन' लांब आहे म्हणून टाळू नका, पण ज्यांना लागू आहे त्यांनाच लावा. डॅनियल कलूया ब्रिटिश आहे. लुपिता न्योंगो केनियाची, जन्म मेक्सिकोतला. दोघेही ऑस्करविजेते, दोघेही कृष्णवर्णीय, पण या अर्थाने आफ्रिकन-अमेरिकन नव्हेत.

'निग्रो' आज स्वतःच्या वाक्यात नको. पण तो शब्द एके काळी शिवी नव्हता हेही लक्षात असू द्या. मार्टिन ल्यूथर किंग यांनी 1963 च्या वॉशिंग्टनमधल्या भाषणात तो पुन्हा पुन्हा वापरला. न्यूयॉर्कच्या काळ्या रंगकर्मींनी 1967 मध्ये नाट्यसंस्था काढली, तिचं नावच 'निग्रो एन्सेंबल कंपनी'. आपल्याकडच्या दलित लेखकांनी 'निग्रो साहित्य' हा शब्द वापरला तो आपुलकीने, आपल्याच दुःखाचे सोबती म्हणून. अमेरिकेतल्या काळ्यांच्या ब्लॅक पँथर या संघटनेच्या नावावरून मुंबईत 1972 साली दलित पँथर उभी राहिली ती याच नात्यातून. तेव्हा अवतरणात आणि संस्थेच्या नावात 'निग्रो' जसाच्या तसा ठेवा, बदलून इतिहास गुळगुळीत करू नका. 'हबशी' मात्र मलिक अंबर आणि जंजिऱ्याच्या इतिहासात शोभतो. हॉलीवूडच्या नटाला तो लावायचं कारण नाही.

लेखात नाटकाचाही भाग आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून एक सावधगिरी. शेक्सपिअरच्या नाटकातल्या ऑथेल्लो या कृष्णवर्णीय सेनापतीची भूमिका गोरे नट चेहरा काळा करून पिढ्यानपिढ्या करत आले. न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या आयरा ऑल्ड्रिज या कृष्णवर्णीय नटाने 1833 मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहात ती केली तेव्हा तिथल्या काही वृत्तपत्रांनी झोड उठवली. पुढे पॉल रोबसन या कृष्णवर्णीय नटाने 1943 मध्ये ब्रॉडवेवर तीच भूमिका केली आणि त्या नाटकाचे 296 प्रयोग झाले. या इतिहासात 'ब्लॅकफेस'चं मराठी करताना हात सहज 'तोंडाला काळं फासून' याकडे जातो. ते करू नका. आपल्याकडे काळं फासतात ते दुसऱ्याच्या तोंडाला, त्याची बेअब्रू करायला. इथे नट स्वतःच्याच चेहऱ्याला रंग लावतोय आणि बेअब्रू होतेय ती प्रेक्षागृहाच्या दाराबाहेर थांबवलेल्या माणसांची. 'चेहरा काळा रंगवून' एवढंच लिहा.