डिस्क टकटक करतेय? आधी वायर काढ

घाबरू नकोस भावा, पण टकटक करणारी ती हार्ड डिस्क आधी बंद कर. 'अजून एकदा लावून बघू' करतच लोक डेटा घालवतात. टकटक म्हणजे बहुधा हेड, म्हणजे डेटा वाचणारा भाग, गेलंय. त्यावर रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवलंस तर प्लेटवर, म्हणजे डेटा असतो त्या आतल्या चकतीवर, ओरखडेच वाढतील.

२०१९ च्या पुरात भिजलेली माझी डिस्क मी सांगलीतच एका दुकानात दिली. पठ्ठ्याने टेबलफॅनखाली झाकण उघडलं! नंतर पुण्याच्या लॅबने फोटो पाठवला, प्लेटवर चक्क अंगठ्याचा ठसा. पैसे गेले ते वेगळेच.

देण्याआधी एवढं कर:
- झाकण कुठे उघडणार, क्लीन रूम (धूळ नसलेली खोली) आहे का, विचार.
- डेटा नाही मिळाला तर किती घेणार, लिहून घे.
- सिरियल नंबरचा फोटो काढ.

डिस्क टकटक करत नसेल आणि फाइल नुसत्या डिलीट झाल्या असतील तर बहुधा सोपं आहे, तिथे रिकव्हरी सॉफ्टवेअर चालतं. फक्त सापडलेलं त्याच डिस्कवर सेव्ह करू नकोस.