ऑइल पाम लावताय? आधी एवढं बघा

दादा, ऑइल पामसाठी (पाम तेल देणारं झाड) जंगल किंवा जुनी काजूची बाग तोडू नका, पडीक जमीनच घ्या. उन्हाळ्यात मोठ्या झाडाला रोज 150 ते 200 लिटर पाणी लागतं. त्यामुळे मे महिन्यात विहीर किती खाली जाते ते बघा, मगच रोपं आणा आणि ठिबक घाला.

- लागवड त्रिकोणी, म्हणजे समभुज त्रिकोणाच्या तीन टोकांवर तीन झाडं; दोन झाडांत अंतर 9 मीटर. हेक्टरी 143 झाडं. दाटी नको.
- झावळ्या जाळू नका. मीही सुरुवातीला जाळायचो. आता दोन ओळींमध्ये पसरतो. पावसाळ्यानंतर उचलल्या की खाली काळी, भुसभुशीत माती आणि गांडुळं दिसतात.
- फुलोऱ्यावर कीटकनाशक मारू नका. परागीभवन करणारा बारीक भुंगा तिथेच असतो; तो मेला की घडात फळं भरत नाहीत.

खतांचं नंतर बोलू. आधी माती तपासून घ्या.