झिप केल्यावर फायलींची मराठी नावं का बिघडतात?

तुम्ही ठाण्यातल्या सोसायटीच्या पावत्या जावा या प्रोग्रामिंग भाषेतल्या कोडने झिप करता, सभासदाने ती उघडली की नावं वाचता येत नाहीत, म्हणून नावं इंग्रजीत करावीत का, असं विचारलंय. कृपया करू नका. बिघाड नावांत नाही, आणि तो दुरुस्त होतो.

आधी नावाच्या जागी नेमकं काय दिसतंय ते बघा. नुसती प्रश्नचिन्हं असतील तर कोडने सिस्टीमचं जुनं कोडपेज, म्हणजे कोणत्या अक्षराला कोणता आकडा याचा तक्ता, वापरलंय. त्या कोडपेजांत रशियन, जपानीची सोय आहे, देवनागरीची कुठेच नाही. अशा झिपमध्ये मूळ नाव उरतच नाही, ती पुन्हाच बनवावी लागते.

पण ग्रीक अल्फा आणि नागमोडी रेघेचा एन अशी जोडी पुन्हापुन्हा दिसत असेल, तर नाव शाबूत आहे. यूटीएफ-८ या सगळ्या लिप्या सामावणाऱ्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात आणि पहिले दोन जवळजवळ तेच असतात. उघडणाऱ्या प्रोग्रामने ते ४३७ क्रमांकाच्या जुन्या कोडपेजने वाचले की त्यांचीच ही जोडी होते. झिपमध्ये प्रत्येक फाइलच्या नोंदीत ११ क्रमांकाचा बिट, म्हणजे हो-नाहीची एक खूण, असतो. तो लावला तरच वाचणारा प्रोग्राम नाव यूटीएफ-८ समजतो. जावा ६ बाइट बरोबर लिहायचं, पण हा बिट लावत नसे. जावा ७ पासून तो काही न सांगता लागतो. तेव्हा सर्व्हरवरचं जावा तपासा. आधी वाटलेल्या झिपमधली नावं ४३७ मध्ये एनकोड करून यूटीएफ-८ ने डिकोड केली की जशीच्या तशी मिळतात. सभासदाकडे विंडोज ७ असेल तर मात्र त्याला सेव्हन-झिप या प्रोग्रामनेच उघडायला सांगा, तिथला एक्सप्लोरर हा बिट मानत नाही.

आता जिथे माझे दोन दिवस गेले ते सांगतो. ऐरोलीच्या एका सोसायटीचं असंच काम करताना ‘दुसऱ्या मजल्याची पावती’ झिपमध्ये डोळ्यांना दिसायची, पण कोडला सापडायची नाही. ‘ऱ्या’ तीन तऱ्हांनी टाइप होतो: थेट ‘ऱ’ घेऊन, ‘र’खाली नुक्ता देऊन, किंवा ‘र’, हलन्त आणि न दिसणारा जोडक घालून. पहिल्या दोन तऱ्हा एनएफसी (युनिकोडची अक्षरं एकसारखी करण्याची ठरलेली पद्धत) केल्यावर एक होतात. तिसरी होत नाही, ती ‘र’, हलन्त, जोडक अशी तिकडी स्वतः शोधून तिच्या जागी ‘ऱ’ आणि हलन्त घालावा लागतो. मी हे झिपमध्ये नाव घालण्याआधीच करतो, आणि शोधतानाही तेच फंक्शन लावतो.