शिफ्ट धरून काय काय निघतं

प्रश्न : बँकेच्या साइटवर पासवर्ड बदलताना ‘एक तरी स्पेशल कॅरेक्टर हवं’ असं येतं. भाचा फोनवरून ‘हॅश टाक, अंडरस्कोअर टाक’ म्हणतो आणि मी कीबोर्डवर शोधत बसते. ही चिन्हं असतात कुठे, कशासाठी? आणि रुपयाचं चिन्ह तर उमटतच नाही.
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : अक्षरही नाही आणि आकडाही नाही, असं जे काही ते स्पेशल कॅरेक्टर. बरीचशी आकड्यांच्या ओळीतच आहेत. शिफ्ट धरून 2 दाबलं की @, 3 ला #, म्हणजे भाच्याचा हॅश, 7 ला &, 8 ला *. काही बँका ठरावीक चिन्हंच चालवून घेतात, तेव्हा चौकटीखालची बारीक ओळ आधी वाचा.

@ ला आपण सगळे ‘ॲट द रेट’ म्हणतो, कारण ते बिलातलं चिन्ह : 12 नग @ 5 रुपये. 1971 मध्ये रे टॉमलिन्सन यांनी ते ईमेलसाठी निवडलं. माणसांच्या नावात ते कधी येत नाही, म्हणून. फोनवर पत्ता सांगताना नुसतं ‘ॲट’ पुरतं.

अंडरस्कोअर शून्याच्या शेजारच्या कळीवर आहे, शिफ्टसकट. टाइपरायटरवर मजकूर उमटवून झाला की गाडी मागे घ्यायची आणि त्याच्याखाली ही रेघ ओढायची. दादरला मी टायपिंगचा क्लास चालवायचो, तिथे मथळ्याखालची रेघ एक घर जरी पुढे गेली तरी कागद बदलायला लावायचो. आता ईमेलच्या पत्त्यात मोकळी जागा चालत नाही, म्हणून लोक तिथे अंडरस्कोअर घालतात. गंमत अशी, की पत्ता निळा होऊन त्याच्याखाली आपोआप रेघ आली की अंडरस्कोअर तिच्यात बुडतो आणि जागा रिकामी दिसते. अशा वेळी पत्ता हाताने उतरवू नका, कॉपी करा.

वेबसाइटच्या पत्त्यातली तिरकी रेघ / म्हणजे स्लॅश, प्रश्नचिन्हाच्या कळीवरची. एंटरच्या वरची \ ही बॅकस्लॅश. ती विंडोजच्या फोल्डरांसाठी. पुष्कळ जण पहिलीलाच बॅकस्लॅश म्हणतात आणि ऐकणारा भलतीच कळ दाबतो. 6 वरचं ^ एक्सेलमध्ये घातासाठी : =5^2 लिहिलं की 25. एस्केपखालचं ~ तुम्हाला सहसा लागणार नाही.

राहिला रुपया. ₹ हे चिन्ह आपल्या पवईच्या आयआयटीत शिकलेल्या डी. उदय कुमार यांचं. सरकारने ते 15 जुलै 2010 ला स्वीकारलं. त्याआधीच्या कीबोर्डवर ते छापलेलं नसणारच. नव्यांवर बहुधा 4 च्या कळीवर असतं, पण शिफ्टने $ येतो. ₹ साठी उजवीकडचा ऑल्ट धरून 4 दाबा. तरी नाही आलं तर कळ बिघडलेली नाही. विंडोजच्या भाषेच्या सेटिंगमध्ये ‘इंग्लिश (इंडिया)’ कीबोर्ड निवडा. पासवर्डात मात्र ₹ घालू नका. भाच्याच्या लॅपटॉपवर ते उमटेलच याचा भरवसा नाही.